हरलात तर मोसम संपला: प्लेऑफमध्ये आक्रमणाचे प्ले कसे कॉल करायचे

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा नेहमीचा मोसम १७ सामन्यांचा. त्यात एखादा सामना हातचा गेला तरी पुढच्या आठवड्यात भरपाई करता येते. प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, ती सोय नाही. १४ संघ, प्रत्येक फेरीत एकच सामना, हरला तो घरी. या सामन्यांत आक्रमणाचा जवळजवळ प्रत्येक प्ले, म्हणजे एकेक चाल, एकच माणूस ठरवतो: ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. काही संघांत हेड कोच हे काम स्वतःकडे ठेवतो, कॅन्सस सिटी चीफ्समध्ये अँडी रीड ठेवतात तसं. पण काम तेच. साठ-सत्तर वेळा काही सेकंदांत निर्णय घ्यायचा आणि तो जगासमोर फसला तरी पुढचा निर्णय तितक्याच थंड डोक्याने घ्यायचा.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. अमेरिकेत मुलांच्या फ्लॅग फुटबॉल संघाला किंवा शाळेच्या संघाला मदत करणारे मराठी पालक हे एक. आणि सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल हा अंतिम सामना बघणारे, 'इथे रन का नाही केला?' असं टीव्हीला विचारणारे हे दुसरे. उदाहरणं एनएफएलची आहेत. तुमच्या लीगमध्ये घड्याळ कधी थांबतं, टाइमआउट किती मिळतात, हे नियमपुस्तकात आधी बघून घ्या, कारण फरक असतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. दबावाखाली कुणालाही नवं सुचत नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये जो कोऑर्डिनेटर हुशार दिसतो, त्याने ते मंगळवारी किंवा बुधवारी ठरवलेलं असतं. म्हणून या लेखाचा निम्मा भाग सामना सुरू होण्याआधीचाच आहे.

पायरी १: आधी स्वतःची फिल्म बघा

प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास सगळेच करतात. प्लेऑफपर्यंत आलेल्या संघाने आधी स्वतःकडे बघायला हवं, कारण समोरच्याकडे तुमच्या अख्ख्या मोसमाची फिल्म आहे आणि तो तुमचे अलीकडचे चार-पाच सामने बारकाईने चिरणार आहे.

एक तक्ता करा. प्रत्येक प्लेसाठी पाच रकाने: डाऊन (१० यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवे होते, मैदानावर कोणते खेळाडू होते, फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी) कोणतं, आणि रन (चेंडू घेऊन पळणं) की पास (फेकणं). मग एकेका फॉर्मेशनवर बोट ठेवून मोजा. क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) थेट मागे उभा राहिला की चारपैकी तीन वेळा रन होतो? शॉटगनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक काही पावलं मागे उभा असताना, रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) अर्धं पाऊल मागे असला की रन आणि बरोबरीला असला की पास, असं होतंय? दुसरा टाइट एंड (लाइनच्या टोकाचा, अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) आत आला की चेंडू त्याच्याच बाजूला जातो? हे तुम्हाला दिसलं, तर समोरच्या लाइनबॅकरलाही (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूलाही) दिसलेलं आहे असंच धरा.

सवय सापडली की ती घाईने मोडू नका. नवशिके इथेच गडबडतात: सवय दिसली की फॉर्मेशनच टाकून देतात. खरं तर ही सवय तुमची पुंजी आहे. समोरच्याला तेच दाखवा आणि शेवट बदला. रनची सवय असलेल्या फॉर्मेशनमधून प्ले-अॅक्शन पास (रनचं सोंग करून पास), पासची सवय असलेल्यातून ड्रॉ (पासचं सोंग करून रन). असे तीन-चार 'उलटे' प्ले तयार ठेवा आणि ते पहिल्या क्वार्टरमध्ये उधळू नका. चांगला कर्णधार बुमराहची दोन षटकं शेवटासाठी राखतो तसे राखा.

याचा नमुना १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये बघायला मिळाला. फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध चीफ्स मध्यंतराला १४–२४ असे मागे होते. चौथ्या क्वार्टरमध्ये एंड झोनच्या, म्हणजे गुण मिळवण्याच्या पट्ट्याच्या, तोंडाशी त्यांनी 'कॉर्न डॉग' नावाचा प्ले काढला. बाहेरचा रिसीव्हर (पास झेलणारा) स्नॅपआधी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधी, आत धावत येतो, जणू फॉर्मेशन ओलांडून पलीकडे जाणार. बचावपटू एकमेकांना खुणा करून 'आता हा तुझा' म्हणत त्याला सोपवतात आणि नेमक्या त्या क्षणी तो उलट फिरून बाहेर पळतो. आधी कडॅरियस टोनी, मग दुसऱ्या बाजूने स्काय मूर. दोघांच्याही आसपास एकही बचावपटू नव्हता. ईगल्स अशा हालचालीवर गोंधळतात हे जॅक्सनविलविरुद्धच्या सामन्याच्या फिल्ममध्ये आधीच दिसलं होतं. सामना ३८–३५ ने चीफ्सचा.

पायरी २: कॉल शीट – जितकी छोटी तितकी चांगली

टीव्हीवर कोच तोंडापुढे धरतात तो प्लास्टिक चढवलेला रंगीबेरंगी कागद म्हणजे कॉल शीट. तोंडापुढे धरतात ते ओठ वाचले जाऊ नयेत म्हणून. त्यावर प्ले नावाने किंवा आवडीने लावलेले नसतात, प्रसंगाने लावलेले असतात. तुमची शीट अशी आखा:

- पहिला डाऊन आणि १०
- दुसरा डाऊन: थोडे यार्ड, बरेच यार्ड
- तिसरा डाऊन: १–२, ३–६, ७ किंवा जास्त
- रेड झोन, म्हणजे शेवटचे २० यार्ड. त्यातही २० ते १० आणि १० च्या आत असे वेगळे चौकोन
- गोल लाइन
- स्वतःच्या एंड झोनला पाठ टेकलेली असताना
- दोन मिनिटं उरली आणि मागे आहोत
- चार मिनिटं उरली आणि पुढे आहोत
- दोन गुणांचा प्रयत्न, म्हणजे टचडाऊन (चेंडू एंड झोनमध्ये नेणं) झाल्यावर २ यार्डांवरून एकच डाव
- 'मिळालंच पाहिजे'

प्रत्येक चौकोनात किती प्ले? जितका प्रसंग दुर्मीळ तितके कमी. दोन गुणांच्या प्रयत्नासाठी तीन पुरे. 'मिळालंच पाहिजे'मध्ये दोन, फार तर तीन. हे असे प्ले की ज्यात चेंडू तुमच्या सर्वोत्तम खेळाडूकडे जातो आणि समोरच्याने मॅन कव्हरेज (प्रत्येकाची एकेका खेळाडूवर नजर) लावलं काय किंवा झोन (प्रत्येकाने आपापला भाग राखणं) लावलं काय, क्वार्टरबॅककडे उत्तर असतं.

प्लेऑफच्या आठवड्यात शीट फुगते, हा नेहमीचा अनुभव. बाय (विश्रांतीची फेरी) मिळाली तर वेळ जास्त, भीती जास्त, प्रत्येक साहाय्यकाला एक 'भन्नाट आयडिया' सुचलेली. शुक्रवारी कात्री लावा. निकष सोपा: या आठवड्यात सरावात जो प्ले पूर्ण वेगाने चालवला नाही, तो शीटवर नाही. कागदावर सुंदर दिसणारा आणि मैदानावर एकदाही न चाललेला प्ले तिसऱ्या डाऊनला मोह घालतो. तो कागदावर नसेल तर मोहच होणार नाही.

प्रत्येक चौकोनात एक प्ले जाड शाईने लिहा: डोकं बंद पडलं, हेडसेटमध्ये खरखर झाली, कॉलला उशीर झाला, तर हा. याला 'डिफॉल्ट' म्हणा. प्लेऑफमध्ये त्याचा वापर एकदा तरी होतोच.

पायरी ३: क्वार्टरबॅकला विचारा, आणि मग त्याचं ऐका

शनिवारी रात्री क्वार्टरबॅकसोबत शीट घेऊन बसा. प्रत्येक चौकोनातले त्याचे आवडते तीन प्ले त्याला क्रमाने सांगायला लावा, आणि नावडते खोडायला सांगा. नावडत्यांची यादी जास्त मोलाची. चौथ्या क्वार्टरमध्ये ज्याच्यावर त्याचा विश्वास नाही असा प्ले कॉल केलात, तर चेंडू हातातून अर्धा सेकंद उशिरा सुटतो, आणि या पातळीवर अर्धा सेकंद म्हणजे इंटरसेप्शन, पास बचावाच्या हातात.

२ फेब्रुवारी २०२० चा सुपर बोल. चीफ्स सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नायनर्सविरुद्ध १०–२० ने मागे, चौथ्या क्वार्टरची सातेक मिनिटं उरलेली, तिसरा डाऊन आणि १५ यार्ड. पॅट्रिक महोम्सनेच कोऑर्डिनेटर एरिक बिएनिमी यांना विचारलं की 'वॉस्प' हा प्ले चालवायला वेळ मिळेल का. वेळ म्हणजे घड्याळावरचा नव्हे. रिसीव्हर खोलवर जाईपर्यंत पुढची लाइन क्वार्टरबॅकला वाचवू शकेल का, हा प्रश्न होता. महोम्स नेहमीपेक्षा बराच मागे सरकला, टायरीक हिलला ४४ यार्डांचा पास मिळाला, आणि सामना ३१–२० ने फिरला. सूचना खेळाडूकडून आली, पण प्ले शीटवर होता, सराव झालेला होता, आणि तो पेलण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्यानेच तो मागितला होता.

त्याआधी दोन वर्षं, ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये, ईगल्सचा क्वार्टरबॅक निक फोल्सने बाजूरेषेवर येऊन हेड कोच डग पीडरसन यांना 'फिली फिली?' म्हणत एक प्ले सुचवला आणि पीडरसन यांनी क्षणभर विचार करून हो म्हटलं. चौथा डाऊन, गोल लाइनपासून एक यार्ड, पहिला अर्ध संपायला ३८ सेकंद. टाइट एंड ट्रे बर्टनने पास टाकला आणि क्वार्टरबॅक फोल्सने तो झेलला. लोकांना धाडस दिसलं. मला त्यात कोचने आपला अहंकार बाजूला ठेवलेला दिसतो.

पायरी ४: पहिले १५ प्ले लिहून ठेवा

ही पद्धत बिल वॉल्श यांनी रूढ केली. फोर्टी-नायनर्समध्ये ते सामन्याचे सुरुवातीचे प्ले आधीच क्रमाने लिहून ठेवत. सुरुवातीला हाताला कंप असतो, क्वार्टरबॅकचे पासही उंच जातात; अशा वेळी ठरवण्याचं ओझं नको, हा एक फायदा. दुसरा फायदा मला मोठा वाटतो: हे प्ले प्रश्न विचारण्यासाठी असतात. ट्रिप्स फॉर्मेशनला (एका बाजूला तीन रिसीव्हर) ते काय उत्तर देतात? मोशन (स्नॅपआधीची हालचाल) केल्यावर बचावपटू पाठोपाठ येतो, म्हणजे मॅन. की सगळे थोडे सरकतात, म्हणजे झोन? टाइट एंड दोन असले तर सेफ्टी (सर्वात मागचा बचावपटू) खाली येतो का?

वरच्या बूथमध्ये बसलेल्या साहाय्यकाचं पहिल्या क्वार्टरमधलं एकमेव काम म्हणजे ही उत्तरं लिहून काढणं. तिसऱ्या डाऊनला स्क्रिप्ट सोडा, शीटवर जा. पुन्हा पहिला डाऊन मिळाला की स्क्रिप्टवर परत या.

पायरी ५: चाळीस सेकंद

आता सामन्यात उतरू. एनएफएलमध्ये प्ले संपला की ४० सेकंदांचं प्ले क्लॉक सुरू होतं. कोचचा आवाज ज्याच्या कानात जातो त्या खेळाडूच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो, आणि प्ले क्लॉकवर १५ उरले की तो आवाज बंद होतो. म्हणजे तुमच्याकडे ४० नाहीत, २५ आहेत. त्यातलेही बरेच दुसऱ्यांचे.

चाळीस: शिट्टी. बूथमधून आवाज, 'तिसरा, सहा, डावा हॅश.' म्हणजे तिसरा डाऊन, सहा यार्ड, चेंडू मैदानाच्या डाव्या खुणेवर. एवढंच. 'अरे काय झेललं!' वगैरे हेडसेटवर चालणार नाही, ही शिस्त आधीच घालून द्या.

सदतीस: खेळाडू बदलायचे असतील तर आत्ताच. तुम्ही बदलले तर बचावालाही बदलायला वेळ द्यावा लागतो, म्हणून उशीर केलात तर नुकसान तुमचंच.

चौतीस: बोट '३–६' च्या चौकोनावर. इथे तुम्ही विचार करत नाही, निवडता. सत्तावीसच्या आत प्ले क्वार्टरबॅकच्या कानात गेलेला हवा. नाव लांबलचक असू शकतं. 'स्पायडर टू वाय बनाना' ऐकायला गंमतशीर वाटतं, पण त्यात ब्लॉकिंगची पद्धत, टाइट एंड आणि कोपऱ्याकडे केळ्यासारखा वळणारा त्याचा मार्ग एवढं सगळं आलं. नावानंतर उरलेल्या दोन सेकंदांत क्वार्टरबॅकला एकच वाक्य सांगा, आणि ते 'काय करू नको' असं नको. 'इंटरसेप्शन नको हां' म्हणालात की त्याच्या डोक्यात तेच बसतं. 'सेफ्टी खाली आला तर बाहेर बघ' हे कामाचं वाक्य.

वीस: हडल (प्ले ऐकायला जमलेला खेळाडूंचा घोळका) सुटलं. पंधरा: तुमचा आवाज बंद. आता खेळ क्वार्टरबॅकचा. म्हणूनच अवघड प्रसंगी एकाऐवजी दोन प्ले एकत्र द्या, पहिला रन आणि दुसरा पास. बॉक्समध्ये (लाइनच्या जवळच्या भागात) बचावाची माणसं जास्त दिसली की तो 'किल, किल' ओरडून दुसऱ्यावर जातो.

तुमचं काम मात्र अजून संपलेलं नाही. स्नॅप व्हायच्या आधीच पुढच्या दोन शक्यता ठरवा: चार यार्ड मिळाले तर हा, फसला तर तो. ही सवय ज्याला लागली त्याचे कॉल उशिरा जात नाहीत.

कॉलला उशीर झालाच तर? दुसऱ्या अर्धात त्यासाठी टाइमआउट जाळू नका. पाच यार्डांचा दंड बहुतेक वेळा परवडतो. शेवटच्या दोन मिनिटांत नसलेला टाइमआउट परवडत नाही. तिसरा डाऊन आणि एक यार्ड असेल तर गोष्ट वेगळी.

समोरच्या संघाच्या मैदानावर गोंगाटाचा हिशेब धरा. चीफ्सच्या अॅरोहेड स्टेडियममध्ये २०१४ साली १४२.२ डेसिबलची नोंद झाली आहे. तिथे क्वार्टरबॅकची हाक शेजारच्या गार्डलाही ऐकू येत नाही. मग सायलेंट काउंट: गार्ड मागे वळून बघतो, सेंटरला थोपटतो, स्नॅप. अशा सामन्यासाठी नावं आखूड करा किंवा मनगटावरच्या पट्टीवर आकडे द्या.

पायरी ६: पुढे असताना काय कॉल करायचं नाही

मागे असलेल्या संघाचे कॉल त्या मानाने सोपे असतात, कारण पर्याय संपलेले असतात. पुढे असलेला कोऑर्डिनेटर जास्त चुकतो. ५ फेब्रुवारी २०१७ चा सुपर बोल यासाठी पुन्हा पुन्हा बघावा.

अटलांटा फाल्कन्स न्यू इंग्लंड पेट्रिअट्सविरुद्ध २८–३ ने पुढे होते. कोऑर्डिनेटर काइल शॅनहान. चौथ्या क्वार्टरची सुमारे साडेआठ मिनिटं उरली असताना, २८–१२ वर, तिसरा डाऊन आणि एक यार्ड. पास कॉल झाला, रनिंग बॅककडून ब्लॉक चुकला, पेट्रिअट्सच्या डॉन्टा हाइटॉवरने क्वार्टरबॅक मॅट रायनच्या हातून चेंडू उडवला. या कॉलचं मी थोडंफार समर्थन करीन. त्या आक्रमणाची ताकदच पासमध्ये होती.

त्यानंतरच्या कॉलचं समर्थन अवघड आहे. स्कोअर २८–२०. फाल्कन्सच्या हुलियो जोन्सने बाजूरेषेवर अशक्य वाटणारा झेल घेऊन चेंडू पेट्रिअट्सच्या २२ यार्डांवर आणून ठेवला. ४:४० बाकी. इथे हिशेब करा. फील्ड गोलचं (तीन गुणांच्या किकचं) अंतर म्हणजे चेंडू जिथे आहे त्यात १७ मिळवायचे, १० एंड झोनचे आणि ७ मागे धरण्याचे. २२ अधिक १७, म्हणजे ३९ यार्डांची किक. ती बसली की आघाडी ११ ची, आणि पेट्रिअट्सना दोनदा चेंडू लागणार. तीन वेळा मधून रन करून एकही यार्ड मिळाला नसता तरी चाललं असतं.

पहिल्या डाऊनला रन, एक यार्ड मागे. दुसऱ्याला खोल मागे सरकून पास, सॅक (चेंडू टाकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला गेला), १२ यार्ड मागे: चेंडू ३५ वर, किक आता ५२ यार्डांची. पुढच्या प्लेवर होल्डिंगचा (समोरच्याला धरून ठेवल्याचा) दंड, आणखी १०: चेंडू ४५ वर, किक ६२ ची. पंट करावा लागला, म्हणजे लांब किक मारून चेंडू समोरच्याला द्यावा लागला. शेवटी पेट्रिअट्स ३४–२८ ने जिंकले, ओव्हरटाइममध्ये.

यातून शीटवर एक लाल चौकोन काढा. आपण पुढे आहोत, चेंडू किकरच्या टप्प्यात आहे, चौथ्या क्वार्टरची पाच मिनिटं किंवा कमी उरली आहेत: तर पाच-सात पावलं मागे जाणारा पास नाही. पास हवाच असेल तर तीन पावलांचा, नाही जमला तर बाहेर फेकायचा. हा चौकोन शुक्रवारी काढायचा आणि सामन्यात त्यावर वाद घालायचा नाही. किकरचा टप्पा मात्र त्या दिवशीच्या सरावावरून ठरवा. १३ जानेवारी २०२४ ला कॅन्सस सिटीत मायामीविरुद्धचा सामना सुरू झाला तेव्हा पारा उणे २० सेल्सिअसच्या आसपास होता. अशा दिवशी चेंडू दगडासारखा होतो आणि नेहमीचा टप्पा कामाचा राहत नाही.

घड्याळाचा ढोबळ हिशेबही शीटच्या कोपऱ्यात लिहा: पुढे असताना मैदानात पडलेला प्रत्येक रन सुमारे ४० सेकंद खातो, समोरच्याचा प्रत्येक टाइमआउट तेवढे परत देतो. दोन मिनिटं उरली आणि त्यांच्याकडे एकही टाइमआउट नाही, तर क्वार्टरबॅकने तीन वेळा गुडघा टेकला की संपलं.

मागे असाल तर हिशेब उलटा, आणि सुरुवात किकरपासून. २३ जानेवारी २०२२ ला बफेलो बिल्सविरुद्ध चीफ्सकडे १३ सेकंद होते, तीन गुण हवे होते, आणि टाइमआउट शिल्लक होते. टाइमआउट असल्यामुळे बाजूरेषेकडे पळायची गरज नव्हती, मधला भाग मोकळा होता. हिलला १९, ट्रॅव्हिस केल्सीला २५, आणि ४९ यार्डांची किक. पायरी ५ मधला तो न जाळलेला टाइमआउट इथे कामी येतो.

पायरी ७: एक यार्ड उरला असताना

१ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल. सिएटल सीहॉक्स पेट्रिअट्सविरुद्ध २४–२८ ने मागे. त्यांचा रनिंग बॅक मार्शॉन लिंचने चेंडू एक यार्डावर आणला. दुसरा डाऊन, २६ सेकंद, एक टाइमआउट. कोऑर्डिनेटर डॅरेल बेव्हेल यांनी पास कॉल केला, पेट्रिअट्सच्या मालकम बटलरने तो मधेच पकडला, संपलं. 'लिंचला का नाही दिला?' हा प्रश्न दहा वर्षं झाली तरी विचारला जातो.

शांतपणे मोजा. तीन डाऊन, २६ सेकंद, एक टाइमआउट. रन फसला तर घड्याळ चालू राहतं. पास पडला तर थांबतं. तिन्ही डाऊन वापरायचे असतील तर त्यातला एक पास असणं जवळजवळ भाग आहे. शिवाय सिएटलने तीन रिसीव्हर आत पाठवले होते आणि समोरचा बचाव रनला मोकळी जागा देणारा नव्हता. म्हणजे दुसऱ्या डाऊनला पास ही चूक नव्हती.

चूक कोणता पास, ही होती. एक रिसीव्हर पुढच्या बचावपटूला अडवणार आणि त्याच्या मागून दुसरा आत स्लँट (तिरका मार्ग) घेणार, असा तो प्ले. चेंडू गर्दीत, मधल्या भागात, छातीच्या उंचीवर. ब्रँडन ब्राउनरने पुढच्या रिसीव्हरला जागेवरच रोखलं आणि बटलरला वाट मोकळी झाली. याच प्लेवर सरावात आपण मात खाल्ली होती, हे बटलरने नंतर सांगितलं. म्हणजे पायरी १ पेट्रिअट्सनी सिएटलसाठी करून ठेवली होती.

तुमच्या गोल लाइनच्या चौकोनात पास लिहिताना एकच प्रश्न विचारा: फसला तर चेंडू कुठे पडतो? कोपऱ्यात उंच टाकलेला फेड, किंवा क्वार्टरबॅकने बाहेर पळत जाऊन 'आपला नाहीतर प्रेक्षकांचा' असा टाकलेला पास, हे दोन्ही चालतात. मधल्या गर्दीतला नाही.

पायरी ८: तिसरा डाऊन चौथ्यावर अवलंबून असतो

'चौथ्या डाऊनला खेळायचं का?' हा निर्णय हेड कोचचा. पण तो तुम्हाला तिसऱ्या डाऊनच्या आधी कळला पाहिजे. खेळणार असू तर सात यार्ड हवे असताना चार-पाच यार्डांचा रन हा उत्तम कॉल आहे. खेळणार नसू तर तोच कॉल म्हणजे शरणागती. हेड कोचला हेडसेटवर दुसऱ्या डाऊनलाच विचारा: 'दोन मिळाले की नाही?' म्हणजे आणखी दोन डाऊन धरू का.

२८ जानेवारी २०२४ च्या लढतीत डेट्रॉइट लायन्स फोर्टी-नायनर्सविरुद्ध मध्यंतराला २४–७ ने पुढे असूनही ३१–३४ ने हरले. दोन वेळा फील्ड गोल सोडून चौथ्या डाऊनला खेळले, दोन्ही फसले, आणि हेड कोच डॅन कॅम्पबेल यांच्यावर टीका झाली. मला ते दोन्ही निर्णय पटतात. पहिल्यात तर पास हातात येऊन सुटला. मला खटकतो तो शेवटच्या मिनिटाचा कॉल. दहा गुणांनी मागे, गोल लाइन समोर, तिसऱ्या डाऊनला रन. तो मागे अडला आणि टाइमआउट खर्च झाला. पुढच्या प्लेवर टचडाऊन झालं, पण ऑनसाइड किक (चेंडू परत मिळवण्यासाठीची छोटी किक) मिळाली नाही आणि समोरच्याचं घड्याळ थांबवायला पुरेसे टाइमआउट उरले नव्हते. तिथे दोन पास कॉल करून टाइमआउट वाचवता आला असता.

ओव्हरटाइमचा नियम प्लेऑफसाठी २०२२ पासून बदलला: पहिल्या संघाने टचडाऊन केलं तरी दुसऱ्याला चेंडू मिळतो. म्हणून दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला काय हवंय ते नेमकं माहीत असतं आणि त्याला प्रत्येक वेळी चार डाऊन असतात. ११ फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये फोर्टी-नायनर्सनी पहिल्यांदा चेंडू घेतला आणि फील्ड गोलवर थांबले. चीफ्ससमोर स्वतःच्या ३४ यार्डांवर चौथा डाऊन आणि एक आला तेव्हा पंटचा प्रश्नच नव्हता; महोम्स स्वतः पळाला, आठ यार्ड. शेवटचा टचडाऊन मिकोल हार्डमनला, तोही कॉर्न डॉगच्याच एका भावंडावर. सामना २५–२२.

सराव कसा करायचा

संघ हाताशी नसला तरी हे घरी करता येतं. कुठल्याही जुन्या प्लेऑफ सामन्याचं रेकॉर्डिंग लावा, आवाज बंद करा. वरच्या यादीप्रमाणे स्वतःची एक पानी शीट बनवा, प्रत्येक चौकोनात दोन-तीन प्ले, लाल चौकोनासकट. प्रत्येक प्ले संपला की थांबवा, १३ सेकंद लावा आणि कॉल मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात नाही. मनात सगळेच वेळेत असतात. मग चालू करा. वहीत दोनच गोष्टी लिहा: कॉल वेळेत आला का, आणि तो शीटवर होता का. तो यशस्वी झाला असता की नाही हे लिहू नका. चौथ्या क्वार्टरपर्यंत पोचलात की पान उलटून बघा: शीटवर नसलेले कॉल कोणत्या चौकोनांत जास्त आलेत, तेवढेच चौकोन पुढच्या वेळी नव्याने भरा.